इअरप्लग घेतले, वयाच्या 49व्या वर्षी

मार्चमध्ये बायकोने सांगितलं, पोरीला क्लासवरून सात वाजता घे. मला ऐकू आलं आठ. पोरगी तासभर वडापावच्या गाडीजवळ उभी. त्या रात्री घरी जे झालं ते झालं, पण आठवड्याभरात मी कानाच्या डॉक्टरांसमोर होतो. त्यांनी काढलेल्या आलेखात रेघ बरी चालली होती, ती 4000 हर्ट्झला खड्ड्यात पडली आणि पुढे पुन्हा वर आली. "कारखान्यात आहात?" म्हणाले. म्हटलं, बँकेत. "मग?"

मग रंगभवन. धोबीतलावच्या या खुल्या रंगमंचावर नव्वदीत आय-रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा, इंडस क्रीड वगैरे बँड वाजवायचे, आणि आम्ही स्पीकरच्या भिंतीला जवळजवळ छाती लावून उभे. शेवटच्या लोकलने डोंबिवलीला येताना कानात शिट्टी वाजत असायची आणि तिचा आम्हाला अभिमान होता! तेव्हा ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जायची. आता मुक्कामाला आली आहे. पंखा बंद केला की स्पष्ट ऐकू येते.

17 मे 2025 ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस हा अमेरिकन रॉक बँड येणार होता, तिकिटं आधीच काढली होती, माझं आणि पोरीचं. म्हणून फिल्टरवाले इअरप्लग मागवले. बायकोचा अभिप्राय: बैल गेला आणि झोपा केला. ब्रँड सांगत नाही, कारण असे तीन-चार मिळतात आणि रचना साधारण तीच. पंधराशेच्या आसपास पडले.

औषधाच्या दुकानातली फोमची बुचं मी आधी घरी लावून पाहिली होती. आवाज कमी होतो, पण वरचे सूर जास्त कापले जातात आणि खालचे तसे उरतात. शेजाऱ्यांकडे बँड वाजतोय आणि आपण गोधडीत, असं वाटतं. फिल्टरवाल्यात मधोमध बारीक नळी आणि त्यात फिल्टर असतो, त्यामुळे सगळेच सूर साधारण सारखे खाली येतात. सोबत सिलिकॉनच्या तीन मापाच्या टोप्या. मला उजव्या कानाला मधली आणि डाव्याला लहान लागली. हे कळायला तीन संध्याकाळी गेल्या, पण ते करा. डब्यावर लिहिलेली 20 डेसिबलची घट मिळते ती प्लग नीट बसले तरच.

रेसकोर्सवर पोरीने बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तू हे घालून उभा राहणार? स्लॅश वाजवताना?" स्लॅश म्हणजे बँडचा गिटारवाला. तिला एसी/डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सनची गोष्ट सांगितली, 2016 मध्ये डॉक्टरांनी पूर्ण बहिरेपणाची भीती घातली म्हणून त्याला दौरा अर्धवट सोडावा लागला होता. तिने फोनवर आवाज मोजला, 102 डेसिबल. हिशेब सोपा आहे: 85 डेसिबल कानाला आठ तास चालतात, मग दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 ला पंधरा मिनिटं. कार्यक्रम तीन तासांचा. प्रत्यक्षात 15 जरी कापले गेले तरी 87, म्हणजे पाच तासांची मुभा. पोरीने न बोलता हात पुढे केला. फोमची जोडी खिशात होतीच, ती दिली. माझी नाही दिली, एवढाही थोर बाप नाही मी.

ऐकू काय आलं? नवा ड्रमर आयझॅक कार्पेंटरच्या झांजा वेगवेगळ्या कळत होत्या. बेसवाल्या डफचा बेस तर उघड्या कानापेक्षा स्वच्छ, कारण चिखल कमी झाला. बेसचा धक्का छातीला बसायचा तो बसतोच, ती भीती सोडा. स्लॅशच्या लांबलेल्या सुरांची धार मात्र किंचित बोथट झाली. एकदा न राहवून डावं बूच काढलं, अर्धं मिनिट, आणि परत घातलं.

आता तक्रारी. मे महिन्यातला मुंबईचा घाम: तासाभरात प्लग सरकायला लागतात, दर दोन गाण्यांनी बोटाने आत दाबा. दोरी नाही, पडला तर गवतात गेला. आणि कोणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे कान बंद असताना स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. तीस वर्षं बँडचा गायक ॲक्सलच्या जोडीने मी बरोबर गातो असं मला वाटत होतं. नाही गात.

परतीच्या गाडीत दादरला पोरगी काहीतरी म्हणाली आणि मला पहिल्याच फटक्यात कळलं. भूक लागली होती तिला.

पाचपैकी साडेतीन तारे, एक घामाचा कापला आणि अर्धा दोरीचा. धुताना फिल्टर काढून ठेवा, फक्त टोप्या साबणाच्या पाण्यात टाका. आमची जोडी गणपती विसर्जनाला बायको घालून गेली, डीजेसमोरून चालत आली आणि आता ती तिच्या पर्समध्ये असते. मी दुसरी मागवली आहे, दोरीवाली.