जीपीट्यून: रन फास्ट झाला, पण ट्यूनिंगचे तास कोण भरणार?

जीपीट्यून म्हणजे प्रोग्रॅमची सेटिंग्ज आपोआप बदलून बघून चांगली शोधणारं साधन. त्याच्या नादात सुपरकंप्युटरवरच्या मेलेल्या जॉबचेही कोअर-अवर्स (किती प्रोसेसर किती तास वापरले त्याचा हिशेब) कापले गेले, म्हणून हा प्रपंच. एका रँकची (जॉबमधल्या अनेक समांतर प्रक्रियांपैकी एकीची) मेमरी संपली, ती रँक गेली. बाकीच्या तिची वाट बघत वॉलटाइम (जॉबला दिलेली कमाल वेळ) संपेपर्यंत ढिम्म. कंप्युटिंग सेंटरच्या हेल्पडेस्कचं उत्तर, "नोड्स तुमच्याच नावावर होते." तिकीट बंद!

बर्कली लॅबचा हा ट्यूनर मी सुपरएलयू-डिस्टसाठी (बहुतेक शून्यंच असलेली मोठी मॅट्रिक्स अनेक नोड्सवर सोडवणारी लायब्ररी) वापरतोय. कॉलम ऑर्डरिंग (स्तंभांचा क्रम), प्रोसेस ग्रिडच्या ओळी (रँक्सची मांडणी), सुपरनोडचा (एकत्र हाताळायच्या स्तंभांच्या गटाचा) कमाल आकार, लुकअहेड (पुढचं किती काम आधीच सुरू करायचं) असे नॉब्स त्याच्या हाती दिले. ऑर्डरिंग बदललं की फॅक्टरायझेशनमध्ये (मॅट्रिक्स दोन त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये फोडताना) शून्यांच्या जागी उगवणारे नवे आकडे बदलतात. थ्रीडी मेशवर (त्रिमितीय जाळीवर) मेटिस या ऑर्डरिंगऐवजी मिनिमम डिग्री ही दुसरी पद्धत आली की मेमरी फुगलीच. ट्यूनर बिचारा तेही करून बघणार, शिकतो तो तसाच. फक्त त्याची फी माझ्या खात्यातून जाते.

बरं, फसलेल्या रनची वेळ म्हणून ट्यूनरला आकडा काय द्यायचा? बहुतेक जण डोळे मिटून एकावर नऊ शून्यं देतात. पण आत गाऊसियन प्रोसेस (झालेल्या रनवरून बाकी सेटिंग्जच्या वेळेचा अंदाज बांधणारं सांख्यिकी मॉडेल) आहे, तिला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. एवढा मोठा डोंगर उभा केला की शेजारच्या चांगल्या सेटिंग्जही ती टाळायला लागते. मी यशस्वी रनमधल्या सर्वांत वाईट वेळेपेक्षा थोडी जास्त वेळ देतो. शिवाय स्क्रिप्टमध्ये एसरनच्या (जॉब सुरू करणाऱ्या कमांडच्या) आधी टाइमआउट आणि वेळेची मर्यादा. एवढं प्रत्येकाने टाकाच, लटकलेला रन ती मर्यादा संपताच सुटतो.

इथपर्यंत मी दोन स्टारवर होतो. मग मल्टीटास्क लर्निंग नीट वापरलं. त्याच भूमितीच्या विरळ मेशवर, एकाच नोडवर स्वस्तात चाचण्या, आणि ते शिकलेलं मोठ्या मॅट्रिक्सला. महागड्या चाचण्या मोजक्याच उरल्या. २०२१ च्या त्यांच्या पेपरचा सगळा भर यावरच आहे, आणि तो उगाच नाही.

पण खरा खूश झालो ते वेळेसोबत मेमरीही दुसरं उद्दिष्ट म्हणून दिल्यावर. जरा हळू, पण निम्म्या नोड्समध्ये मावणारी सेटिंग हाती लागली. तास नोड्सवर मोजले जात असतील तर "सर्वांत वेगवान" म्हणजे "सर्वांत स्वस्त" नव्हे. आता माझं रोजचं काम यावरच चालतं.

इन्स्टॉलेशनला मात्र दिवस राखून ठेवा. आमच्या क्लस्टरवर एमपीआय स्पॉन (चालू प्रोग्रॅममधूनच नवे समांतर रन सुरू करणं) चालत नाही, त्यामुळे आरसीआय मोड, म्हणजे रन ट्यूनरच्या बाहेरून: ट्यूनर जेसन फाइलमध्ये सेटिंग लिहितो, बॅश स्क्रिप्ट रन करून वेळ भरते. दिसायला गावठी, पण अडत नाही. मॅट्रिक्स एकदाच सोडवायचा असेल तर मात्र याच्या नादी लागू नका. डिफॉल्ट मेटिस ठेवा आणि मोकळे व्हा. चार स्टार.