पायथन ३.११ : आयता मिळालेला वेग

२४ ऑक्टोबर २०२२ रोजी आलेली पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.११ ही आवृत्ती मी बसवली ती एका दाव्यामुळे. ही आवृत्ती ३.१० पेक्षा १० ते ६० टक्के, आणि ठरावीक चाचण्यांच्या संचावर सरासरी सव्वापट वेगवान आहे, असे तिच्या निर्मात्यांचे म्हणणे होते.

पडताळण्यासाठी मी एक कोटी वेळा फिरून नुसती बेरीज करणारा लूप एका फंक्शनमध्ये लिहिला. माझ्या ३ गिगाहर्ट्झच्या लॅपटॉपवर त्याला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. हा वेळ क्षुल्लक वाटतो खरा. पण हिशेब मांडला तर प्रत्येक फेरीला ५० नॅनोसेकंद, म्हणजे प्रोसेसरची सुमारे १५० आवर्तने खर्ची पडतात, आणि प्रत्यक्ष बेरीज मात्र एका आवर्तनात उरकते. बाकीचा वेळ जातो तो बाइटकोडची (पायथनने कोडचे ज्या सूचनांत रूपांतर केलेले असते त्यांची) पुढची सूचना उचलण्यात, दोन्ही संख्यांचे प्रकार तपासण्यात आणि उत्तरासाठी निदान २८ बाइटांची नवी वस्तू तयार करण्यात. (हाच लूप फंक्शनबाहेर लिहिला, तर प्रत्येक व्हेरिएबल डिक्शनरीत, म्हणजे नाव आणि किंमत यांच्या कोष्टकात, शोधावे लागते आणि वेळ आणखी वाढतो, नवशिक्यांची मोजमापे बहुधा इथेच चुकतात.)

३.११ ने हात घातला आहे तो प्रकारांच्या या तपासणीला. एखादी बेरीज वारंवार पूर्णांकांचीच होत आहे असे दिसले, की इंटरप्रिटर (या सूचना एकेक करून चालवणारा प्रोग्राम) तिथली सर्वसाधारण सूचना काढून केवळ पूर्णांकांसाठीची सूचना बसवतो, आणि पुढे दशांश संख्या आली तर निमूटपणे जुन्या वाटेने जातो. बाइटकोड दाखवणाऱ्या ‘डिस’ मॉड्यूलला ‘अडॅप्टिव्ह’ पर्याय दिला, की ही अदलाबदल डोळ्यांनी पाहता येते. मला तरी या आवृत्तीतली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटली. फंक्शनने फंक्शनला हाक मारण्याचा खर्चही उतरला आहे, त्यामुळे रिकर्शनवर, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच हाक मारण्यावर, बेतलेल्या कोडला अधिक लाभ होतो.

तरीही हा इंटरप्रिटरच आहे. प्रोग्राम चालू असताना कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा पायपाय हा पायथनचा पर्यायी अवतार हाच लूप कित्येक पटींनी लवकर संपवतो, आणि मोठ्या सारण्यांची आकडेमोड असेल तर नमपाय या लायब्ररीला पर्याय नाही. मात्र फायली वाचणे, मजकूर चाळणे, अहवाल काढणे अशा रोजच्या कामांत कोडची एकही ओळ न बदलता जो वेग मिळतो, तो नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. अडचण एकच आली: आमच्या वापरातल्या एका लायब्ररीची ३.११ साठीची तयार बांधणी वेळेवर मिळाली नाही, आणि तो एक प्रकल्प काही आठवडे ३.१० वरच ठेवावा लागला.