सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी : एक तास अजिबात पुरत नाही

मालवणला जाणाऱ्या सगळ्यांना आधीच सांगते, बंदर जेट्टीवर किल्ल्याच्या होडीचं तिकीट काढताना परत कधीच्या होडीने यायचं ते तिथल्या तिथे बोलून घ्या, कारण होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात आणि तेवढ्यात किल्ला बघून होत नाही, म्हणजे होतच नाही. मी चार दिवसांत दोनदा गेले, एकदा तासभर आणि एकदा जवळजवळ तीन तास, आणि दोन्ही वेळच्या बघण्यात इतका फरक पडला की लिहायलाच बसले.

खरं तर आम्ही गेलो होतो मैत्रिणीकडे. कॉलेजची मैत्रीण, लग्न होऊन मालवणात गेली, मेढ्यात घर आहे तिचं, दरवर्षी फोनवर "या गं एकदा" म्हणते आणि दरवर्षी कुणाची तरी सुट्टी जमत नाही. यंदा जानेवारीत जमली. आम्ही दोघी पुण्याहून गाडीने फोंडाघाट उतरून कणकवली, कसाल करत पोचलो, तिसरी ठाण्याहून रात्रीच्या ट्रेनने कुडाळला उतरली. अकरा वर्षांनी चौघी एका पडवीत बसलो होतो, पहिली रात्र तर नुसती बोलण्यातच गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, आणि आम्ही हौसेने किल्ल्याला निघालो. जेट्टीवर ही गर्दी! किल्ला किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर, होडीने दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण आमची होडी भरेपर्यंतच बराच वेळ गेला. लाईफ जॅकेट दिली हे चांगलं, पण माझ्या जॅकेटचा एक पट्टा तुटका होता आणि बदलून मागितलं तर "काय होत नाही ताई" असं उत्तर आलं, हे मला अजिबात आवडलं नाही, लहान मुलं होती होडीत. उतरताना बजावलं, तासाभरात याच जागी या. मग काय, दरवाजा, हनुमानाचं देऊळ, शिवाजी महाराजांचं देऊळ शिवराजेश्वर, फोटो, की लगेच परत फिरा. आमच्यातल्या एकीचा गुडघा दुखतो, ती शिवराजेश्वराच्या पुढे गेलीच नाही. तटावर चढायला कुणालाच जमलं नाही. परतीच्या होडीत सगळे दमलेले, आणि शेजारची एक आजी नातवाला विचारत होती की अरे विहिरी कुठे होत्या. तिला दिसल्याच नव्हत्या.

संध्याकाळी घरी हे सांगितलं तर काकी, म्हणजे मैत्रिणीच्या सासूबाई, मनापासून हळहळल्या. "एका तासात किल्लो बघून होवचो नाय गो," म्हणाल्या, आणि भावोजींना सांगितलं की ह्यांना सोमवारी सकाळच्या पहिल्या होडीने पाठव आणि होडीवाल्याशी नीट बोल. भावोजी स्वतः जेट्टीवर आले. बोलणं दोन मिनिटांचं होतं, आम्हाला उशिराच्या होडीने यायचंय, चालेल का, इतकंच. तो लगेच हो म्हणाला. शनिवारी आम्ही विचारलंच नव्हतं. सोमवारी गर्दीही नव्हती, विकेंडला त्याने हो म्हटलं असतं का ते मी सांगू शकत नाही, पण विचारा तरी.

आणि सोमवारचा किल्ला वेगळाच होता हो. पहिलं म्हणजे दरवाजा. होडी जवळ येते, समोर नुसता तट दिसत राहतो, आत जायची वाट कुठे तेच कळत नाही. दोन बुरुजांच्या मधून वाट वळून आत जाते आणि वळल्यावर दरवाजा समोर येतो, म्हणजे समुद्रातून त्याच्यावर सरळ तोफ डागताच येऊ नये अशी रचना. शनिवारी आम्ही त्या वळणावरून धावत गेलो होतो. सोमवारी तिथे उभं राहून मागे वळून समुद्राकडे बघितलं तेव्हा ती कळली. दरवाजाजवळच वरती दोन लहान घुमट्या आहेत, त्यात चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे जपलेत.

आम्ही गाईड घेतला आणि हा पैसा शंभर टक्के वसूल. किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात, हा त्यातल्याच एका घरातला मुलगा, पंचविशीतला असेल. त्याने पाठ केल्यासारखं काही म्हटलं नाही, हात लावून दाखवत होता. २५ नोव्हेंबर १६६४ ला किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याजवळ पूजा करून महाराजांनी काम सुरू केलं, कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर, हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीनेक वर्षांत ते उभं राहिलं. पायाच्या दगडांत शिसं ओतलंय. तट सरळ नाही, खडक जसा वळतो तसा तोही वळत जातो, साधारण तीन किलोमीटर, बुरूज चाळीसच्या वर. आतली जागा ४८ एकर. तटावरून चालताना डावीकडे नारळ आणि जुन्या जोत्यांचे अवशेष, उजवीकडे उघडा समुद्र आणि खाली पाण्यात बुडालेले काळे खडक, ज्यांच्यामुळे बाहेरच्या जहाजाला जवळ येणं कठीण व्हायचं. वाट इथल्या माणसांनाच माहीत. आमचा होडीवालासुद्धा सरळ न जाता वळसा घेऊन का गेला ते वरून बघितल्यावर समजलं.

शनिवारी हुकलेल्या विहिरी यावेळी बघितल्या. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी नावं, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना तिन्हींत गोडं पाणी. मी साखरबावीच्या काठावर बराच वेळ बसले होते, खाली पाणी दिसत होतं आणि मागून लाटांचा आवाज येत होता. तटात बांधलेले शौचकूपसुद्धा त्याने दाखवले आणि मला वाटतं तिथेच पहिल्यांदा जाणवलं की इथे रोजचा संसार होता, पहारेकरी होते, त्यांची बायकापोरं होती. एका छोट्या दरवाजातून खाली इवलासा वाळूचा किनारा आहे, राणीची वेळा म्हणतात. तिथे आम्ही चौघी पाय पाण्यात सोडून बसलो आणि गुडघेदुखीवालीही आली, कारण घाई नव्हती, टेकत टेकत आली.

शिवराजेश्वराचं देऊळ राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलं. मूर्तीला दाढी नाही, डोक्यावर टोपी, आपण लहानपणापासून बघतो तसं रूप नाही आणि तरी कुणी बोलत नव्हतं आत, सगळे गप्प. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं होतं हे मला माहीत नव्हतं, नंतर तो परत कोल्हापूरकरांकडे आला. जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले गेले त्यात हा आहे, आणि म्हणूनच राग येतो की दगडांच्या फटीत चिप्सची पाकिटं अडकलेली होती. आम्ही एक पिशवी भरून खाली आणली. पाटी, पाण्याची सोय, सावली, तिन्ही कमी पडतात. टोपी आणि पाण्याची बाटली न्याच, रिकामी बाटली परत आणा.

जेवणाचं सांगते. दोन दुपारी बाजारातल्या एका घरगुती खानावळीत जेवलो, बांगड्याचं तिखलं तिरफळ घातलेलं, फार सुंदर, सुरमई ताजी, सोलकढीत नारळाचं दूध खरं, पावडर नाही. एका दिवशी मात्र भात गार होता. पण कोंबडी वडे घरचेच खावेत. काकींनी तांदूळ, उडीद, धणे, मेथी दळून पीठ आधीच करून ठेवलं होतं, एकेक वडा टम्म फुगलेला, आणि सोबत काळ्या वाटाण्याचं सांबार, कारण ठाणेवाली मांसाहार करत नाही. "अजून एक वडो घे गो" हे मी रात्री किती वेळा ऐकलं मोजलं नाही, प्रत्येक वेळी घेतला.

पावसाळ्यात होडी बंद असते, समुद्रच खवळलेला असतो, तेव्हा जून ते ऑगस्ट किल्ल्याचा बेत करू नका. ओहोटीच्या वेळा विचारून घेतल्या तर जवळच्या पद्मगडापर्यंत वाळूतून चालत जाता येतं, आमचं ते राहिलं. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागतो तो बघाच, भाव इतक्या भरभर बोलतात की आम्हाला एक शब्द कळेना, मैत्रीण मात्र अगदी तिथलीच झालीय, मधेच घुसून पापलेट घेऊन आली.

होडीला पाचपैकी तीन, तुटक्या पट्ट्याचे आणि न सांगता तासाचं बंधन घातल्याचे दोन कापले. गाईडला पाच. निघताना काकींनी आलं-गुळाचं खाजं, कोकमाचं आगळ आणि वड्यांचं पीठ बांधून दिलं. पीठ अजून उघडलेलं नाही, तिघी एकत्र भेटू तेव्हाच वडे करायचे असं ठरलंय.