फेजची चालफेरी : गल्ल्यांना पाच तारे, दुकानांना दोन

थोरला लेक दुबईत नोकरीला आहे. गेल्या दिवाळीनंतर त्यानं मला मोरोक्कोला नेलं आणि तिथल्या फेज शहरात गाईडसकट दिवसभराची चालफेरी ठरवली. माणशी 300 दिरहम, म्हणजे आपले सत्तावीसशे-अठ्ठावीसशे. आमचं कोल्हापुरात, सुभाषनगरात, कोल्हापुरी चपलांचं काम. लग्न होऊन मला 31 वर्षं झाली, त्यातली निम्मी चपलांच्या चामडी वेण्या घालण्यातच गेली असतील. तेव्हा हे चामड्याकडं बघणाऱ्या बाईनं लिहिलंय, हे धरून वाचा.

सुरुवात बाब बू जलूद नावाच्या वेशीपासून. बाहेरून निळी, आतून हिरवी. वेस 1913 ची, पण आतलं शहर आठव्या शतकाच्या शेवटी वसलेलं. आत गाडी येत नाही, माल सगळा गाढवांवर आणि खेचरांवर. मागून "बालाक! बालाक!" अशी आरोळी आली की भिंतीला चिकटायचं. मी दोनदा चिकटले, तिसऱ्यांदा ओली कातडी लादलेलं गाढव साडीला पुसून गेलं.

गाईड इतिहासात पक्का होता. करावियीन मशीद आणि विद्यापीठ 859 साली फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईनं उभं केलं असं मानतात. मुसलमान नसलेल्यांना आत सोडत नाहीत, दारातूनच डोकावायचं. बू इनानिया मदरशात मात्र तिकीट काढून जाता येतं. चौदाव्या शतकातलं देवदाराचं कोरीव काम बघून मान अवघडली. इथवर पैसे वसूल.

गाडी अडली ती चुआरा टॅनरीत, म्हणजे कातडी कमावण्याच्या जागी. ती बघायला चामड्याच्या दुकानाच्या गच्चीवर चढावं लागतं. जिन्यात नाकाला लावायला पुदिन्याची काडी देतात. मी ती पर्समध्ये टाकली, तो वास मला काय नवा? खाली दाटीवाटीनं हौदच हौद. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा, पलीकडच्यांत रंग. चुन्यानं केस सुटतात, विष्ठेनं कातडं मऊ पडतं. माणसं मांडीपर्यंत उतरून पायानं तुडवत होती. आमच्यात बाभळीची साल आणि हिरडा. सासरे सांगायचे, पूर्वी कातडं पिशवीसारखं शिवायचं, आत साल-हिरड्याचं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं, झिरपत झिरपत ते कमावलं जायचं. म्हणून आमचं जाड, तळाला टिकणारं. यांचं बकऱ्या-मेंढ्यांचं जास्त, घडी घातली तर रुमालाएवढी व्हावी असं.

कुठल्या हौदात किती दिवस ठेवतात, हे मला विचारायचं होतं. विचारलंही. गाईड म्हणाला, "मॅडम, जॅकेट बघा ना." मग पाऊण तास जॅकेटं, नंतर गालिच्याच्या दुकानात आणखी तासभर. चहा फुकट, पण उठू देतील तर शपथ. लेकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तीन तारे इथं कापले. गाईड घ्या, पण अर्ध्या दिवसाचा, आणि 'दुकान नको' हे पैसे देण्याआधी सांगा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच निघालो आणि खरं फेज तेव्हा बघितलं. सेफारीन चौकात तांबट बसतात. गुऱ्हाळातल्या काहिलीएवढं भांडं एक जण ठोकत होता, शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही. मग टॅक्सीनं ऐन नोक्बीला, कुंभारांकडं. भट्टीत ऑलिव्हच्या बियांचा चोथा जाळतात, आपण चुलवाणात चिपाड घालतो तसा. तिथंच झेलीज करतात. रंगीत लादी जड धारदार हातोडीनं फोडून नखाएवढे तुकडे काढायचे, आणि ते जुळवायचे रंगाची बाजू खाली करून. म्हणजे मांडणाऱ्याला दिसतात फक्त मातकट पाठी, नक्षी सगळी डोक्यात. पाठीवरनं मसाला ओतून सुकला की मगच उलटायचं. एक तुकडा चुकला तर? मी खुणेनं विचारलं, तो नुसता हसला.

जेवणाचं थोडक्यात: हरीरा सूप चांगलं, ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा, अळणी, आणि पास्तिया म्हणजे कोंबडीच्या सारणावर पिठीसाखर. कांदा-लसूण चटणी न्या.

बलगा, म्हणजे टाच दुमडलेली त्यांची चप्पल, घ्यायची तर बाजारातल्या ढिगातून उचलू नका. तळ वाकवून कडेला बघा. टाका दिसला तर ठीक, नुसतं चिकटवलेलं असेल तर ठेवून द्या. मी एका बोळातल्या कारागिराकडून घेतला, 250 सांगितले, 160 ला दिला. पैसे मोजताना त्याचं लक्ष माझ्या पायाकडं. चप्पल काढून दिली, तर हा उलटीसुलटी करून खिळा शोधतोय. खिळा नाहीच, सगळी शिलाई चामड्याच्या वादीची, हे बोटानं दाखवलं. मग वेणी नखानं उचकून बघितली, वासही घेतला. शेवटी पुठ्ठ्यावर स्वतःचं पाऊल आखून माझ्या हातात दिलं.

त्याच्या मापाचा जोड तयार आहे, कापशी घाटाचा, म्हणजे आमच्या कोल्हापुरीतलाच एक प्रकार. कुरिअरवाला चपलेच्या दुप्पट पैसे सांगतोय.