पर्चेसची तपासणी: सल्लागार बोलवावा की आपणच बसावं?

आपला पर्चेस विभाग कुठल्या पातळीवर आहे आणि धंद्याच्या दिशेने चाललाय का, हे बाहेरच्या सल्लागाराकडून मोजून घ्यायचं की आपल्याच चार माणसांनी बसून ठरवायचं? छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा एमआयडीसीतले ओळखीचे लोक मला हे अधूनमधून विचारतात. आमच्या कारखान्यात प्रेस आणि मशिनिंगचे पार्ट्स बनतात आणि दुचाकीवाल्यांना जातात. तिथे दोन्ही प्रकार झाले, म्हणून लिहितोय.

सल्लागाराची पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच: प्रश्नावली, मुलाखती, विभाग किती तयार आहे याच्या पाच पातळ्या आणि शेवटी सगळे गुण एका जाळ्यासारख्या आकृतीत दाखवणारा स्पायडर चार्ट. त्याचा मोठा फायदा म्हणजे मालक ऐकतात. तातडीच्या पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) आमच्या आळसामुळे नव्हे, तर प्रॉडक्शन प्लॅन उशिरा येतो म्हणून निघतात, असं आम्ही कितीदा सांगितलं असेल. तेच वाक्य छापील अहवालात आलं आणि शेठनी त्याच दिवशी प्लॅनिंगवाल्याला केबिनमध्ये बोलावलं. दोन-तीन प्लँट असतील, भावाभावांत कारभार वाटलेला असेल किंवा बाहेरचा गुंतवणूकदार यायचा असेल, तर हा त्रयस्थ कागद फीच्या मोलाचा ठरू शकतो.

स्थानिक माहितीचा प्रश्न मात्र येतोच. जालना साठ किलोमीटरवर असताना स्टील लांबून का आणता, असं आम्हाला विचारलं गेलं. जालन्याच्या भट्ट्या मुख्यतः बांधकामाची सळई काढतात आणि आम्हाला लागतो तो पार्ट्ससाठी ठरावीक ग्रेडचा शीट आणि बार. हे समजावण्यात एक दुपार गेली. पण माणसं हुशार होती, लगेच समजली. त्याबद्दल तक्रार नाही.

माझं मन उडालं ते तीन कोटेशनांवरून. प्रश्नावलीत प्रत्येक खरेदीला एकच माप होतं: तीन पुरवठादारांची कोटेशनं जोडून स्पर्धा दाखवा, पुरावा दाखवा. आता आमच्या जुन्या प्रेसचं हायड्रॉलिक सील (तेल गळू न देणारी रिंग) एकाच डीलरकडे मिळतं. वर्षाची खरेदी किरकोळ, खर्चाप्रमाणे वस्तू लावलेल्या एबीसी यादीत सी वर्गात, म्हणजे तळाला. पण ते फुटलं आणि स्टोअरमध्ये नसलं की प्रेस उभा. मार्क वाढवायचे म्हणून आमच्या पोराने त्याच डीलरला सांगून दुसऱ्यांच्या नावाची दोन सपोर्टिंग (नुसती जोडीला लावायची) कोटेशनं मागवली. लेटरहेड वेगळी, शिक्के वेगळे आणि तिन्ही कागदांवर 'हायड्रॉलिक'चं स्पेलिंग एकाच अक्षराला चुकलेलं. फाइल भरली, पुढच्या फेरीत गुण वाढले. सील मात्र होतं तितकंच दुर्मीळ राहिलं. शिवाय सगळ्याची सरासरी काढून जो एक आकडा हाती येतो, त्यात हे सील कुठे दिसतच नाही.

घरच्या बैठकीत आम्ही खरेदीच्या वस्तू चार घरांत वाटणारी पीटर क्राल्जिकची चौकट घेतली. १९८३ सालची आहे, पण अजून चालते. एका बाजूला नफ्यावरचा परिणाम, दुसऱ्या बाजूला पुरवठ्याचा धोका. प्रत्येक वस्तूपुढे प्रॉडक्शनच्या माणसाला एकच विचारलं, "हे आलं नाही तर लाइन कधी थांबेल?" सील लगेच अडचणीच्या घरात गेलं, म्हणजे पैसा कमी पण धोका मोठा. तिथला उपाय भाव पाडणं नव्हे, जास्तीचं सील ठेवणं आणि दुसऱ्या कंपनीचं सील ट्रायलला लावणं. कार्टन, टूल्स, ऑइल यांच्यात मात्र खुशाल घासाघीस करा.

धंद्याशी सांगड घालायची गोष्ट याच टेबलावर निघाली. शेठना त्या वर्षी खेळतं भांडवल मोकळं करायचं होतं आणि आमचं इन्क्रिमेंट मात्र गेल्या वर्षीच्या रेटमधून किती कमी केलं यावर. म्हणून आम्ही मोठे लॉट उचलून रेट पाडत होतो आणि गोडाऊन भरत होतो, म्हणजे शेठचा पैसा उलट तिथेच अडकत होता. व्हेंडरचं पेमेंट लांबवणं हाही काही जणांना बचतीचा मार्ग वाटतो. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. त्यात १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) म्हणून आलेल्या तरतुदीमुळे मुदत चुकली की करासाठी तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरला जातो. अकाउंट्सवाला बैठकीत असल्याने ही चर्चा लवकर मिटली.

घरच्या पद्धतीत खोट नाही असं नाही. स्वतःला कमी मार्क कोणी देत नाही, म्हणून पर्चेसचे मार्क प्रॉडक्शन आणि अकाउंट्सने द्यावेत. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई सुरू झाली की बैठक हमखास पुढे ढकलली जाते. तारीख शेठनीच पाळली तर निभावतं.

तुमचा कारखाना एकाच छताखाली असेल आणि शेठ दोन तास बसायला तयार असतील, तर मी आधी घरीच बसेन. तरी सल्लागार हवाच असेल तर फी ठरण्याआधी प्रश्नावली मागून घ्या. त्यात मालकासाठी वेगळे प्रश्न आहेत का आणि निकाल वस्तूनिहाय मिळणार का, एवढं बघा. दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आलं तर मी तरी पुढची मीटिंग ठेवणार नाही.