क्रोमचे दिवे आणि गुहागरचा खारा वारा: तेरा महिन्यांनंतर

घाईत असाल तर आधीच सांगते. घर समुद्राजवळ असेल आणि बाहेर लावायला दिवा शोधत असाल, तर चकचकीत क्रोमची कड असलेला प्लास्टिकचा दिवा घेऊ नका. घेतला असेल तर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुवा, आणि पडवीत छपराखाली असलेला आधी धुवा. छपराखालचा आधी का, हे कळायला मला एक अख्खा पावसाळा जावा लागला.

आमचं घर गुहागरला. बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत आलं की अंगण, मग पडवी, ओटी, घर, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी संपते तिथे पुळण. चार खोल्या पर्यटकांना देतो. रात्री जेवून लोक समुद्रावर जातात आणि परत येताना वाडीतल्या पायवाटेवर ठेचकाळतात. एका आजींचा पाय मुरगळला, तेव्हा ठरवलं की आता दिवे हवेतच. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी भिंतीवर लावायचे गोल दिवे घेतले, एकूण आठ. दोन बेड्याच्या खांबांवर, चार पायवाटेच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर), दोन पडवीत. एकाला ६८० रुपये पडले. काळं प्लास्टिकचं अंग, पुढे काच, आत नऊ वॅटची एलईडी, तिच्याभोवती चांदीसारखी चमकणारी वाटी आणि बाहेरून क्रोमची रुंद कड. विहिरीजवळ मात्र वायरमननं स्वतःच्या हट्टानं साधा पांढरा बल्कहेड, म्हणजे भिंतीला चिकटून बसणारा बंद दिवा, लावला, त्याला धातूचा अंशही नाही. “काकू, इथे चकाकी टिकत नाही,” एवढंच तो म्हणाला. मी तेव्हा ऐकलं नाही.

उजेडाबद्दल तक्रार नाही. पिवळसर, डोळ्यांना न टोचणारा प्रकाश, पायवाटेवर नेमका पडणारा. तेरा महिन्यांत आठांपैकी एकच बंद पडला, तोही एलईडीमुळे नाही. एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या आतल्या ड्रायव्हरमधला कंडेन्सर फुगला होता. या कंडेन्सरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि तो दिवा पश्चिमेच्या उन्हात दुपारभर तापत होता. वायरमननं नवा ड्रायव्हर घातला, दिवा लागला.

खरी गोष्ट बाहेरच्या कातडीची आहे.

पहिला डाग संक्रांतीच्या सुमारास दिसला, तो क्रोमवर नव्हता, भिंतीवर होता. प्रत्येक दिव्याखाली चुन्यावर तांबडा ओघळ. दिवा ‘गंजरोधक’ म्हणून विकलेला, पण सोबत दिलेले स्क्रू जस्ताचा हलका मुलामा दिलेले लोखंडी. हे मला पटत नाही. दिव्याचं अंग प्लास्टिकचं असलं तर ते गंजत नाही हे खरंच. मग तो शब्द खोक्यावर कशासाठी? ग्राहकानं तो संपूर्ण दिव्याबद्दल समजावा म्हणूनच ना? मी सगळे स्क्रू बदलून ३१६ जातीच्या स्टेनलेसचे घातले. नेहमीचं ३०४ सुद्धा आमच्याकडे वर्षभरात तपकिरी पडतं. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठापुढे तेच टिकतं. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात त्यावर विसंबू नका, चुंबक या दोघांतला फरक सांगत नाही. मोठ्या बोल्टच्या डोक्यावर ‘ए-४’ असं कोरलेलं असेल तर ते ३१६, ‘ए-२’ म्हणजे ३०४.

शिमग्यापर्यंत क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आले. आगोटीची कामं करताना, म्हणजे मे अखेरीस, पडवीतल्या एका दिव्याच्या कडेवर मोहरीएवढा फोड दिसला. जुलैत तो फुटला आणि आत हिरवं निघालं.

मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. तो हिरवा रंग पाहिला आणि देवघरातला तांब्या आठवला. हा तांब्याचा कळंक. म्हणजे क्रोमच्या खाली तांबं आहे, आणि खारं पाणी थेट तिथवर पोचलंय. आठवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, “बाई, प्लास्टिकमधून वीज जात नाही, मग त्याच्यावर विद्युत विलेपन होतं कसं?” तेव्हा तास संपत आला होता आणि मी नीट उत्तर दिलं नव्हतं. ते इथे देते, कारण दिवा का बिघडला हे त्याच उत्तरात आहे.

हे प्लास्टिक बहुतेक वेळा एबीएस नावाचं असतं. त्याच्या कडक गाभ्यात ब्युटाडाइन रबराचे अतिसूक्ष्म गोळे विखुरलेले असतात. तुकडा गरम क्रोमिक आम्ल आणि गंधकाम्लाच्या मिश्रणात बुडवला की पृष्ठभागावरचे हे गोळे खाल्ले जातात आणि तिथे डोळ्यांना न दिसणारे खळगे उरतात. जांभ्याच्या चिऱ्याला गिलावा घट्ट धरतो तो चिऱ्याच्या भोकांमुळे, तसंच इथे. मग त्या खळग्यांत पॅलेडियमचे कण बसवतात. त्यांच्या आधारानं, विजेशिवाय, नुसत्या रासायनिक क्रियेनं निकेल किंवा तांब्याचा पातळ थर चढतो. आता पृष्ठभागावरून वीज वाहू शकते, आणि पुढे आपल्या पुस्तकातलंच विलेपन: आधी तांबं, मग निकेल, शेवटी क्रोम. १९६०च्या दशकात हे तंत्र कारखान्यांत रुजलं. गाडीची जाळी, मिक्सरचं बटण, नळाची मूठ, सगळीकडे तेच.

यात क्रोमचा थर सगळ्यांत पातळ, एका मायक्रोमीटरचाही काही अंशच. चकाकी मुख्यत्वे खालच्या निकेलची; क्रोम तिला निळसर झाक देतं आणि ओरखड्यांपासून जपतं. पण क्रोम ठिसूळ असतं, त्यात बारीक भेगा असतात. भेगेतून खारं पाणी शिरलं की क्रोमला काही होत नाही, झिजतं ते निकेल. निकेलचा थर पुरेसा जाड असेल तर वर्षानुवर्षं निभतं. पातळ असेल तर एका पावसाळ्यात आरपार, आणि मग हिरवा डाग. शिवाय ऊन. एबीएस उन्हात तांब्याच्या जवळजवळ पाचपट प्रसरण पावतं. मधला तांब्याचा थर मऊ असल्यामुळे ही ओढाताण सोसतो, आणि तोच कुरतडला गेला की पोपडे सुटतात.

आता छपराखालच्या दिव्यांचं. मी धरून चालले होते की बेड्यावरचे दिवे आधी जातील. त्यांच्यावर पाऊस, ऊन, समोरून वारा, सगळं थेट. झालं उलटं. ऑगस्टमध्ये पडवीतले दोन्ही दिवे फोडांनी भरले होते आणि बेड्यावरच्या दोघांवर फक्त ठिपके होते. दिवे लावताना कसर झाली असेल, एखादी खोकी वेगळी असेल, असं वाटून मी पडवीतला एक आणि बेड्यावरचा एक यांची अदलाबदल केली. तीन आठवड्यांत बेड्यावरून पडवीत आलेल्या दिव्यालाही फोड आले. मग एका सकाळी, रात्रभर झोडपणारा पाऊस पडून गेल्यावर, मेन स्विच बंद करून दोन्हीकडच्या कडांवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. बेड्यावरचा बेचव. पडवीतला खारट.

कारण इतकं साधं होतं. खारं वारं वर्षभर सगळ्यांवर मीठ टाकतं. उघड्यावरच्या दिव्याचं मीठ पाऊस धुऊन नेतो. छपराखाली पाऊस पोचत नाही, वारा मात्र पोचतो. तिथे मीठ साचतच राहतं, आणि पावसाळी हवेत त्याला पाणी सुटतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आषाढात कशी ओली होते ते प्रत्येक घराला माहीत आहे: हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलं राहतं. म्हणजे माझे पडवीतले दिवे चार महिने दिवसरात्र मिठाच्या पाण्यात भिजत होते आणि मी त्यांना सुरक्षित समजत होते. दाराच्या कड्या, पंख्याची जाळी, मीटरच्या पेटीचे स्क्रू, छपराखालच्या सगळ्याच वस्तूंना हे लागू आहे. मग पडवीतल्या दोघांपैकी एक दिवा दर रविवारी धुवायला लागले आणि दुसरा तसाच ठेवला. दिवाळीपर्यंत धुतलेल्याचे डाग होते तेवढेच राहिले. दुसऱ्याची कड कांद्याच्या सालासारखी सुटून आली.

खोक्यावर ‘आयपी ६५’ लिहिलं होतं. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला दाद देत नाही. मिठाबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. विकत घेताना वेगळं विचारा: मिठाच्या फवाऱ्याची चाचणी किती तास केली?

वाईट झालेले दिवे मी उघडले, आणि इथे मला खरा आनंद झाला. आतली चांदीसारखी वाटी पहिल्या दिवशी होती तशी. तीही प्लास्टिकवर धातूच, पण चढवण्याची रीत अगदी निराळी. हवा काढून घेतलेल्या पेटीत टंगस्टनच्या तारेवर ॲल्युमिनियम तापवतात, त्याची वाफ सरळ रेषेत जाऊन समोरच्या प्लास्टिकवर बसते. थर किती जाड, तर केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. खाली एक वार्निशचा हात, वर एक. एवढ्याशा धातूनं प्रकाशाचा बहुतांश भाग परत फिरवला जातो. १९३०च्या दशकात मोठ्या दुर्बिणींच्या आरशांवर चांदीऐवजी याच पद्धतीनं ॲल्युमिनियम बसवायला सुरुवात झाली, कारण चांदी काळवंडते आणि ॲल्युमिनियम स्वतःवर पारदर्शक ऑक्साइडचं पांघरूण घेतं. मोटारींच्या हेडलाइटमध्येही हेच असतं.

हा इतका नाजूक थर टिकला आणि त्याच्या शेकडो पट जाड क्रोम-निकेल गेलं, कारण हा काचेच्या आणि रबरी वॉशरच्या आड होता. गडग्यावरच्या एका दिव्यात मात्र वॉशर नीट बसलेला नव्हता. रात्री दिवा तापतो, पहाटे विझल्यावर आतली हवा आकसते आणि फटीतून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. त्या दिव्याच्या काचेवर आतून रोज धुकं यायचं. त्याच्या वाटीत ॲल्युमिनियम ठिकठिकाणी नाहीसंच झालंय. मागून टॉर्च धरली तर आरपार उजेड दिसतो. दिवा लावण्याआधी वॉशर खाचेत सगळीकडे बसलाय का, हे बोटानं तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

सौर दिवेही दोन घेतले होते, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पॅनेल पुसलं की नीट चालतात, पुसलं नाही की मिठाच्या पापुद्र्यामुळे मध्यरात्रीआधीच मंदावतात.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. दोन वर्षांची हमी फक्त उजेडाला, ‘फिनिश’ त्यात येत नाही, असं उत्तर आलं. याचं मला वाईट वाटलं, आणि ते पैशांपुरतं नाही. ज्या क्रोमिक आम्लात हे प्लास्टिक बुडवतात त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. ज्यापासून ते आम्ल बनतं ते क्रोमियम ट्रायऑक्साइड युरोपात वापरायला आता खास परवानगी लागते. कुठल्यातरी कारखान्यातला माणूस त्या वाफेजवळ उभा राहतो, ते धुवण पुढे कुठेतरी नीट साफ करावं लागतं, आणि एवढं करून चढवलेली चकाकी आमच्या पडवीत एक वर्ष टिकते. मग ती चढवायचीच कशाला?

आमच्या माळ्यावर सासऱ्यांची गॅसबत्ती आहे. उत्सवात, दशावतारी खेळाला तीच लागायची. १९१०च्या सुमारास बर्लिनमध्ये निघालेल्या पेट्रोमॅक्सच्या धाटणीची. तिच्या टाकीवरचं निकेल अर्ध्याहून जास्त उडालंय, पण खाली पितळ आहे. चिंचेनं घासलं की लखलखतं, आणि मेंटल, म्हणजे आतली जाळी, बदललं तर बत्ती आजही पेटते. मुलामा गेल्यावर खाली काय उरतं, हे मी आता कुठलीही वस्तू घेताना पाहते.

विहिरीजवळचा बल्कहेड तेरा महिन्यांत किंचित पिवळसर झालाय, बाकी काही नाही. वायरमनला मी तसं सांगितलं. तो हसला आणि चहा घेऊन गेला.

दिवे टाकून दिले नाहीत. क्रोमची कड नुसती खाचेत अडकवलेली होती, तिचा पाणी अडवण्याशी संबंध नव्हता. स्क्रूड्रायव्हरनं आठही कडा काढल्या आणि पाणी मारून पाहिलं: सात दिवे कोरडे राहिले. वॉशर नीट न बसलेल्या आठव्या दिव्याला नवा वॉशर आणून बसवायचा आहे. कड नसलेले काळे दिवे आता गडग्याच्या जांभ्याशी जुळून दिसतात. रविवारी सकाळी पोफळींचं शिपणं आटोपलं की मेन स्विच बंद करून त्याच नळीनं त्यांच्यावर पाणी मारते. पडवीतल्यांपासून सुरुवात करते.