दशांश कापून घेणारे 'भाऊ'

गुंतवणुकीतला दशांश, म्हणजे देवाच्या कामासाठी द्यायचा दहावा भाग, आधीच कापून घेतो असं कुणी म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आमचे दोन लाख असेच गेले. कोल्हापुरातल्या आणखी काही ख्रिस्ती घरांतलेही गेलेत, पण 'चारचौघांत नको' म्हणून सगळे गप्प. म्हणून मी लिहिते आहे.

माणूस बाहेरगावचा. शाहूपुरीतल्या एका घरी कुटुंब प्रार्थनेला यायचा. गिटार वाजवायचा, आजारी माणसाकडे न बोलावता जाऊन प्रार्थना करायचा. 1852 साली वाइल्डर साहेब मिशनचं काम घेऊन कोल्हापुरात आले, तेव्हापासूनची इथली कितीतरी घरं. कोण कुणाची नात, कुणाची सोयरीक कुठे, सगळ्यांना पाठ. अशा ठिकाणी 'अमक्या मावशींनीही घातलेत' एवढं वाक्य पुरतं. त्या मावशींना विचारावं तर त्या दुसऱ्या मावशींचं नाव सांगायच्या. सगळ्यात पहिल्या मावशी कोण, हे अजून कळलेलं नाही.

मिस्टर शिरोली एमआयडीसीतून रिटायर झाले, त्याची उपकारस्तुतीची प्रार्थना आमच्याच घरी झाली. हा हजर होता. ग्रॅच्युइटी आली आहे, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

बोली अशी: लाखाला महिना पाच हजार. पैसा कशात घालणार, तर कधी गांधीनगरचा कापड व्यापार, कधी शेअर. दोन लाखांतले वीस हजार त्याने बायबलमधल्या दशांशाच्या वचनाचा दाखला देत, 'मलाखी तीन दहा' म्हणत सेवेसाठी आधीच बाजूला काढले आणि उरलेल्या 1,80,000 वर महिना 9,000 ठरवले. चार महिने पैसे वेळेवर आले, म्हणजे 36,000. मग 'खातं फ्रीज झालंय', मग 'ऑडिट चालू आहे', मग फोन बंद.

आता वहीवर मांडून बघा. 1,80,000 तून महिना 9,000 द्यायचे तर एक पैशाचा धंदा न करता तो तुमचेच पैसे तुम्हाला 20 महिने देऊ शकतो. तेवढ्यात नवीन घरं मिळतातच. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत वर्षाला 8.2 टक्के मिळत होते, आणि ती सरकारची हमी असलेली योजना.

पण त्याचं खरं कसब आकड्यांत नव्हतंच. माझ्या जाऊबाईंनी सरळ विचारलं होतं, 'दुकान कुठलं, जीएसटी नंबर काय?' त्यावर हसून म्हणाला, 'ताई, विश्वास कमी पडतोय. आपण प्रार्थना करू.' आणि लगेच डोळे मिटले! प्रार्थना सुरू झाल्यावर जीएसटी नंबर कोण मागणार?

वचनं त्याच्या तोंडावर होती, पण सोयीची. लूकच्या 14 व्या अध्यायात येशूच विचारतो, की बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब कोण करणार नाही? नीतिसूत्रे 13:11 सांगतं, झटपट आलेलं धन घटतं, थोडंथोडं साठवणाऱ्याचं वाढतं. हे वचन त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. आणि मलाखी दशांश भांडारात आणायला सांगतो, कुणाच्या गुगल पेवर नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अर्पणाची पावती मिळते, वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो आणि चहाच्या खर्चावरूनसुद्धा भांडणं होतात. तीच तर खरी पद्धत.

कागदाचं नीट सांगते. त्याने स्टँप पेपरवर करार दिला, नोटरीचा शिक्का, फोटो, सगळं झकास. आत मात्र 'ठेव' किंवा 'गुंतवणूक' हा शब्दच नाही. लिहिलं होतं 'हातउसने घेतले'. म्हणजे उद्या तक्रार गेली की म्हणायला मोकळा, हा आमच्यातला उसनवारीचा मामला आहे, दिवाणी कोर्टात जा. सोबत सही केलेला चेक, तो 'खाते बंद' शेऱ्यासह परत आला. चेक परत आल्याचा मेमो मिळाला की 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मुदत गेली की चेक न वटल्याच्या खटल्याची वाट अवघड होते.

वकील म्हणाले, नुसत्या 'हातउसने' शब्दाने सुटका होत नाही. ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा 2019 चा कायदा, दोन्ही कंपनीप्रमाणे एकट्या माणसालाही लागू होतात. आम्ही आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिलाय, रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही तक्रार नोंदवली. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जाहीर सांगितलं, की कुटुंब प्रार्थनेत गुंतवणुकीचा विषय निघाला तर आधी आमच्या कानावर घाला. काहींना ते आवडलं नाही, 'चर्चची बदनामी होते' म्हणे. बदनामी त्याची व्हायला हवी, चर्चची कशाला?

एकट्या घराच्या अर्जाला उसनवारी म्हणता येतं, पण दहा घरांचे तसलेच करार एकत्र आले की म्हणता येत नाही. तुमच्याकडे असा स्टँप पेपर असेल तर रागाने फाडू नका. पासबुकात एंट्री मारून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसू नका, आणि तो पुन्हा फोन करून 'तक्रार मागे घ्या, निम्मे देतो' म्हणाला तर एकट्याने भेटायला जाऊ नका. आमच्या ओळखीतल्या एकांना त्याने असंच रंकाळा तलावावर बोलावलं आणि मूळ करार 'झेरॉक्स काढून देतो' म्हणून घेऊन गेला.